ऑलिव्हर क्वीन किती बदलला? सीमाभागातील एका भाषणाच्या तयारीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सीमाभागातील कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांत एक दिवसाची मराठी साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण होते, आणि त्यानंतर परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन अशी सत्रे चालतात. बेळगाव परिसरातील अशाच एका संमेलनाच्या परिसंवादात आमच्या वाचक गटातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला वीस मिनिटे बोलायचे होते. पडद्यावरील कथा हा परिसंवादाचा विषय होता आणि तिने त्यासाठी ‘ॲरो’ ही अमेरिकन सुपरहिरो मालिका निवडली होती. त्या भाषणाची तयारी कशी झाली, कोणत्या ठिकाणी आम्ही अडलो, काय ठेवले आणि काय गाळले, याची ही नोंद आहे. संबंधित व्यक्तींची व गावाची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

या विद्यार्थिनीचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत झाले आणि पीयूसीपासून (अकरावी-बारावीपासून) पुढचे सारे इंग्रजीतून. मालिका तिने मोबाईलवर, चित्राखालची इंग्रजी अक्षरे वाचत पाहिली. प्रत्येक व्यक्तिरेखेसाठी वहीत वेगळी पाने राखून, कोणत्या भागात कोण काय लपवतो, कोण काय कबूल करतो, कोण कोणाला सोडून जातो, अशा नोंदी तिने ठेवल्या होत्या. गटाचा निमंत्रक म्हणून ती वही माझ्या हाती आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण कादंबरीवर टिपणे काढणारे वाचक आमच्याकडे आहेत. परंतु मालिकेकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे फारच थोडे आढळतात.

‘ॲरो’ ही मालिका सीडब्ल्यू वाहिनीवर १० ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाली आणि २८ जानेवारी २०२० रोजी संपली. आठ पर्वांत तिचे १७० भाग झाले. डीसी कॉमिक्समध्ये १९४१ साली अवतरलेल्या ग्रीन ॲरो या धनुर्धाऱ्यावर ती आधारलेली आहे. ऑलिव्हर क्वीन हा श्रीमंत घरातला बेजबाबदार तरुण जहाज बुडाल्यामुळे लियान यू नावाच्या बेटावर पोहोचतो, पाच वर्षांनी स्टार्लिंग सिटी या आपल्या शहरात परततो आणि मृत वडिलांच्या वहीतील नावांच्या यादीनुसार भ्रष्ट धनिकांना शासन करू लागतो. पहिल्या पाच पर्वांत वर्तमानाच्या जोडीने त्या पाच वर्षांच्या आठवणी दाखवल्या जातात, त्यामुळे प्रेक्षकाला एकाच वेळी दोन ऑलिव्हर दिसतात: घडत असलेला आणि घडून आलेला. व्यक्तिरेखेच्या विकासाचा विचार करण्यासाठी याहून सोयीची रचना शोधूनही सापडणार नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न

पहिल्या मसुद्यातील मांडणी सरळ होती. पहिल्या पर्वात ऑलिव्हर निर्विकारपणे माणसे मारतो. त्या पर्वाच्या शेवटी त्याचा जिवलग मित्र टॉमी मर्लिन भूकंपातील ढिगाऱ्याखाली प्राण सोडतो. त्या धक्क्यातून दुसऱ्या पर्वात तो न मारण्याचा संकल्प करतो. आणि तेथून तो क्रमाक्रमाने खरा नायक होत जातो. विकास म्हणजे चढत जाणारा जिना, अशी कल्पना या मांडणीमागे होती. मसुदा नेटका होता आणि वीस मिनिटांत मावणाराही होता.

गटाच्या बैठकीत तो वाचला गेला तेव्हा पहिला आक्षेप घेतला तो वडगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका तरुणाने. ही मालिका त्यानेही संपूर्ण पाहिली होती. तो म्हणाला, “ताई, हा संकल्प तो किती वेळा मोडतो ते तुझ्याच वहीत आहे की. चौथ्या पर्वाच्या शेवटी डेमियन डार्क या खलनायकाला तो सगळ्या शहरासमोर मारतो. पाचव्याच्या सुरुवातीला पुन्हा मारायला लागतो. मग जिना कुठे राहिला?”

आक्षेप बिनतोड होता, आणि त्याला आणखी एक जोड मिळाली. पाचव्या पर्वात एड्रियन चेस हा खलनायक ऑलिव्हरला कोंडून, छळून त्याच्याकडून एक कबुली मिळवतो. आपण यादीसाठी किंवा शहरासाठी मारत होतो असे नव्हे, तर मारणे आपल्याला आवडत होते, अशी ती कबुली आहे. ती खरी मानली तर दुसऱ्या पर्वातील संकल्पाचा पायाच डळमळतो. तो संकल्प विकास होता की मित्राच्या आठवणीसाठी घातलेला संयमाचा बांध होता, या प्रश्नाला मसुद्यात उत्तर नव्हते.

दुसरी अडचण श्रोत्यांची होती. संमेलनाला येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, शेतकरी, महिला मंडळाच्या सदस्या आणि शाळेची वरच्या वर्गातील मुले असतात. त्यांतील बहुतेकांनी ही मालिका पाहिलेली नसणार हे उघड होते. न पाहिलेल्या १७० भागांतील माणूस कसा बदलला हे सांगायचे, तर कथा सांगण्यातच वेळ संपतो. कथा गाळली तर मत हवेत राहते. दोन्ही अडचणी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, कारण कोणता धागा धरायचा हे ठरल्याशिवाय कथेचा कोणता भाग सांगायचा हे ठरत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

आठही पर्वांची कथा थोडक्यात सांगावी आणि शेवटी मत द्यावे, हा पर्याय फार काळ टिकला नाही. पर्वागणिक अडीच मिनिटे, एवढ्यात घटनांची जंत्रीच वाचून होते.

शक्तिमानपासून सुरुवात करण्याचा पर्याय अधिक गंभीरपणे तपासला गेला. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चाललेली ती मालिका आज तिशी-चाळिशीत असलेल्या प्रत्येकाला आठवते. शक्तिमान मुलांना चांगल्या सवयी शिकवतो, चुकलेली मुले त्याची क्षमा मागतात, पण तो स्वतः आधीच पूर्णत्वाला पोहोचलेला असतो. बदलायचे असते ते जगाने. ऑलिव्हरच्या बाबतीत शहर आणि तो स्वतः असे दोघेही बदलाच्या मागे असतात. हा फरक श्रोत्यांना तत्काळ कळेल, म्हणून प्रास्ताविकात दोन-तीन वाक्यांपुरता शक्तिमान ठेवावा असे ठरले. संपूर्ण भाषण तुलनेवर उभे करणे मात्र आम्हाला पटले नाही, कारण लहान मुलांसाठी रचलेल्या बोधकथेला तिच्या हेतूबाहेरच्या मोजपट्टीने मोजणे अन्यायाचे झाले असते.

तिसरा पर्याय न मारण्याच्या संकल्पाचाच होता, परंतु चढत्या जिन्याऐवजी पुनःपुन्हा घसरणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून. त्यात सत्य होते. पाचव्या पर्वाच्या अखेरीस, मे २०१७ मध्ये दाखवल्या गेलेल्या भागात, चेस आपल्याला मारायला ऑलिव्हरला सर्व प्रकारे उद्युक्त करतो आणि ऑलिव्हर हात आवरतो. तेथे संकल्पाला पहिल्यांदा खरी किंमत येते. पण यंत्रमागावरच्या त्या तरुणाचे म्हणणे असे होते, आणि मला ते योग्य वाटते, की मारणे वा न मारणे हे बरेचदा त्या त्या पर्वातील खलनायकाच्या गरजेनुसार ठरते. खलनायक स्लेड विल्सनला न मारता कैदेत टाकणे दुसऱ्या पर्वाच्या विषयाला साजेसे होते आणि डार्कला मारणे चौथ्याच्या शेवटाला सोयीचे होते. कथानकाची सोय आणि माणसाची वाढ यांत फरक करता आला पाहिजे.

येथे गटातील निवृत्त मुख्याध्यापकांनी मोलाचा प्रश्न विचारला. मालिकेचा एकही भाग त्यांनी पाहिलेला नव्हता. “बाळ, एकच कसोटी त्याच्यावर पुन्हा पुन्हा येते असं काही आहे का? खलनायक बदलला तरी प्रसंग तोच, असं काही?” विद्यार्थिनीने वही चाळली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “गुरुजी, आहे. सत्य सांगायचं की लपवायचं, हा प्रसंग प्रत्येक पर्वात आहे.”

या प्रकरणातील सर्वांत निर्णायक क्षण तोच होता. व्यक्तिरेखा बदलली हे ती स्वतः सांगते म्हणून, तिचा वेश बदलला म्हणून किंवा तिला नवे नाव मिळाले म्हणून मानता येत नाही. तोच मोह, तीच भीती पुन्हा समोर उभी राहिल्यावर ती काय करते, यावरूनच ते ठरवता येते. मालिकेत ऑलिव्हर आधी हूड असतो, मग ॲरो होतो, चौथ्या पर्वात ग्रीन ॲरो होतो. पहिल्या मसुद्यात या नावांना विकासाचे टप्पे म्हणून बरीच जागा होती. नवी कसोटी लावल्यावर त्यांचे महत्त्व पुष्कळ कमी झाले.

प्रत्यक्ष कृती: नवी मांडणी

विद्यार्थिनीने वहीतील नोंदी पुन्हा लावल्या. प्रत्येक पर्वातील एक किंवा दोन प्रसंग निवडले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हे सत्य त्याने आपण होऊन सांगितले, की परिस्थितीने त्याच्याकडून वदवले?

पहिल्या पर्वात उत्तर एकसारखे येते. त्याचा अंगरक्षक जॉन डिगल विष लावलेली बंदुकीची गोळी लागून मरणाच्या दारात असतो, म्हणून त्याला वाचवताना ऑलिव्हरचे गुपित उघड होते. पुढे ऑलिव्हर स्वतः गोळी लागून रक्तबंबाळ होतो, आणि ती गोळी त्याच्या आईनेच, मोइराने, झाडलेली असते. तेव्हा मदतीसाठी तो फेलिसिटी स्मोक या आपल्या कंपनीतील संगणकतज्ज्ञ तरुणीपुढे येतो. टॉमीला कळते तेही त्याच्या वडिलांचा जीव वाचवण्याच्या निकडीत. त्यानंतर टॉमी विचारतो की तू मला हे कधी सांगणार होतास का, आणि ऑलिव्हर नाही म्हणतो. या एका उत्तरावर थोडे थांबावे असे मी सुचवले. पहिल्या पर्वातील ऑलिव्हर त्या क्षणी खोटे बोलत नाही, हे त्याचे बळ आहे; आणि जिवलग मित्राला सांगण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता, हे त्याचे दुखणे आहे. पुढील सात पर्वे या दुखण्याभोवती फिरतात.

दुसऱ्या पर्वात बहीण थियाचे प्रकरण येते. थियाचे जन्मदाते वडील म्हणजे टॉमीचेच वडील माल्कम मर्लिन आहेत हे मोइराने लपवलेले असते. ऑलिव्हरला ते समजते, तो आईवर संतापतो, आणि तरीही बहिणीला काही सांगत नाही. शेवटी ते तिला कळते शत्रूकडून, स्लेडच्या तोंडून. ज्या गोष्टीसाठी ऑलिव्हर आईला दोषी धरतो तीच तो स्वतः करतो, आणि हे त्याला दिसत नाही. त्याच पर्वात मरणापूर्वी मोइरा त्याला सांगते की तोच तो धनुर्धारी आहे हे भूकंपाच्या रात्रीपासून तिला ठाऊक होते. एका घरातली माणसे एकमेकांवरच्या प्रेमापोटी एकमेकांपासून सत्य लपवतात आणि त्या लपवण्यातच घर कोसळते, असे या पर्वाचे खरे कथानक आहे.

हा भाग ऐकताना मुख्याध्यापकांनी कुंतीचा दाखला सुचवला. कर्णाच्या जन्माचे सत्य कुंतीने युद्ध संपेपर्यंत पांडवांपासून लपवले, आणि कळल्यावर युधिष्ठिराने जो शोक केला त्यात आईविषयीचा रागही होता. श्रोत्यांतील प्रत्येकाला हे माहीत असते. विद्यार्थिनीने तो दाखला घेतला, पण जसाच्या तसा घेतला नाही. तिने फरक दाखवला. कुंती उशिरा का होईना, स्वतःच्या तोंडाने सांगते. मोइरा आणि ऑलिव्हर थियाला स्वतः सांगत नाहीत, आणि म्हणून थिया घर सोडून त्याच माल्कमबरोबर जाते. महाभारताचा आधार घेऊन मालिका मोठी ठरवण्याचा प्रयत्न तिने केला नाही, हे मला फार आवडले.

तिसऱ्या पर्वात ऑलिव्हर थियाला आपले गुपित आपण होऊन सांगतो. ही पहिली खरी पायरी आहे. पण त्याच पर्वात रास अल घूलच्या मारेकऱ्यांच्या संघटनेत सामील झाल्याचे ढोंग तो आपल्याच सहकाऱ्यांपासून लपवतो, आणि ते निभावण्यासाठी डिगलच्या पत्नीला पळवून नेण्यापर्यंत त्याची मजल जाते. चौथ्या पर्वात विल्यम हा आपला मुलगा असल्याचे तो फेलिसिटीपासून लपवतो. मुलाच्या आईने घातलेली अट म्हणून तो लपवतो, हे खरे. परंतु फेलिसिटी ठरलेले लग्न मोडते ते याच कारणासाठी, आणि तिचे म्हणणे प्रेक्षकाला पटते. एक पाऊल पुढे आणि एक मागे, अशी ही चाल आहे. तरीही ती न मारण्याच्या संकल्पाच्या चालीपेक्षा निराळी आहे, कारण येथे प्रत्येक घसरणीची किंमत पुढच्या पर्वापर्यंत टिकते. सहकारी विसरत नाहीत, आणि ऑलिव्हरही विसरत नाही.

पाचव्या पर्वातील कबुलीला या मांडणीत नवा अर्थ मिळाला. आधीच्या मसुद्यात ती अडचण होती. आता ती केंद्रस्थानी आली. त्या प्रसंगापर्यंत ऑलिव्हर दुसऱ्यांपासून सत्य लपवत असतो असे आपण समजतो, आणि तेथे उघड होते की सर्वांत मोठे सत्य त्याने स्वतःपासून लपवलेले होते. ती कबुली छळातून निघालेली आहे, म्हणून ती पहिल्या पर्वातील सक्तीच्या उघडकीसारखीच मानायची की वेगळी, यावर गटात बराच वाद झाला. विद्यार्थिनीचे मत असे पडले की छळ संपल्यावर तो काय करतो ते पाहावे. तो परत येऊन सहकाऱ्यांना सांगतो की आता हे काम मी करणार नाही. कबुलीनंतरची ही कृती त्याची स्वतःची आहे. मला हा निवाडा ग्राह्य वाटतो.

सहाव्या पर्वाच्या शेवटी ऑलिव्हर सर्वांसमोर जाहीर करतो की ग्रीन ॲरो मीच आहे, आणि तुरुंगात जातो. येथे मांडणी पूर्ण होते, असे पहिल्यांदा सर्वांनाच वाटले. पण वहीतील एका नोंदीने ते समाधान टिकू दिले नाही. एफबीआय या अमेरिकन तपास संस्थेशी केलेला तो सौदा ऑलिव्हरने फेलिसिटीला न विचारता केलेला असतो. साऱ्या शहराला सत्य सांगणारा माणूस ते सांगण्याचा निर्णय आपल्या पत्नीपासून लपवतो. त्याची मूळ खोड त्याच्या सर्वांत मोठ्या धाडसाच्या आतही शिल्लक आहे. कथेच्या लेखकांनी हे ठरवून केले असेल वा नसेल, या एका तपशिलाने ऑलिव्हर क्वीन मला खऱ्या माणसासारखा वाटतो. माणसे बदलतात तेव्हा जुनी सवय नव्या गुणाच्या आत घर करून राहते, हे आपण आपल्या आसपास पाहतच असतो.

दोन वगळलेल्या गोष्टी

मसुद्यात आलेल्या आणि नंतर काढलेल्या दोन गोष्टींची नोंद येथे करणे आवश्यक वाटते, कारण निर्णयाचा कस तेथे लागला.

नायकाची नावे बदलली तरी माणूस बदलला असे होत नाही, हे सांगताना विद्यार्थिनीने एक तुलना लिहिली होती: १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचे बेळगावी झाले, पण त्या दिवशी गणपत गल्लीतल्या बाजारात तीच माणसे, तीच घासाघीस आणि तीच बोली होती. तुलना नेमकी होती आणि सभागृहात ती टाळ्या घेणार याविषयी कोणालाही शंका नव्हती. काही सदस्यांचा आग्रह होता की ती ठेवावीच. विद्यार्थिनीने ती काढली. तिचे कारण असे होते की त्या टाळ्या ऑलिव्हरसाठी पडणार नाहीत. श्रोत्यांचे मन सीमाप्रश्नाकडे वळेल आणि पुढची दहा मिनिटे ती एकटीच मालिकेविषयी बोलत राहील. त्या प्रश्नाविषयी तिला काही वाटत नव्हते असे मुळीच नाही. ज्या विषयासाठी आपल्याला व्यासपीठ मिळाले आहे त्याच्याशी प्रामाणिक राहणे तिला अधिक महत्त्वाचे वाटले, आणि इतक्या लहान वयात ही शिस्त दिसणे मला कौतुकास्पद वाटते.

दुसरी गोष्ट चित्रफितींची. मालिकेतील काही प्रसंग पडद्यावर दाखवावेत अशी सूचना आली होती आणि प्रोजेक्टर मिळण्यासारखा होता. मात्र संवाद इंग्रजी, दिवसाउजेडी मांडवात चित्र पुसट, आणि वीज गेली तर भाषणच थांबणार. त्याहून महत्त्वाचे कारण असे की झुंजीची दृश्ये डोळ्यांत भरतात आणि लपवाछपवीची दृश्ये दोन माणसे खोलीत बोलत असल्याची असतात. पडदा लावला असता श्रोत्यांच्या लक्षात धनुष्यबाण राहिले असते. प्रसंग शब्दांतच सांगायचे ठरले.

परिणाम

भाषण ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे लांबले, परंतु अध्यक्षांनी थांबवले नाही. शक्तिमानच्या उल्लेखाला मांडवातील तरुण मंडळींनी दाद दिली आणि कुंतीच्या उल्लेखानंतर पुढच्या रांगांतील ज्येष्ठ श्रोते सरसावून बसले. टॉमीच्या प्रश्नाला ऑलिव्हर नाही म्हणतो तो प्रसंग तिने कोणताही अलंकार न लावता सांगितला, आणि माझ्या मते भाषणातील सर्वांत परिणामकारक भाग तोच होता. सहाव्या पर्वातील अपुरेपणावर तिने शेवट केला. सातव्या पर्वात ऑलिव्हर मुखवट्याशिवाय पोलिसांबरोबर काम करतो आणि आठव्यात तो आपल्या मोठ्या झालेल्या मुलांना भेटून, विश्व वाचवताना प्राण देतो, एवढे एका वाक्यात सांगून तिने आवरते घेतले.

प्रश्नोत्तरांत एका शाळकरी मुलाने विचारले की तो मेला तर मग बदलून उपयोग काय. विद्यार्थिनीने उत्तर दिले की पहिल्या पर्वात तो मेला असता तर कोणालाही काही न सांगता मेला असता. उत्तर तयार केलेले नव्हते, पण साऱ्या मांडणीचे सार त्यात आले.

त्यानंतर महिला मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्येने विचारले, “बाई, त्या बहिणीचं पुढं काय झालं? तिच्यापासून एवढं लपवलं, तिचं कुणी विचारलं की नाही?” यावर विद्यार्थिनीला थोडक्यात उत्तर देणे कठीण गेले. थियाची कथा तिला तोंडपाठ होती. भाषणाच्या मांडणीत मात्र थिया केवळ ऑलिव्हरच्या कसोटीचे निमित्त म्हणून आली होती.

हा प्रश्न या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा परिणाम ठरला. त्याच कसोटीने थियाकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या पर्वात नशेच्या अमलाखाली गाडी ठोकणारी ही मुलगी पुढे माल्कमकडून युद्धकला शिकते. अमली औषधाच्या प्रभावाखाली, तिला कळू न देता, माल्कम तिच्या हातून ऑलिव्हरची सहकारी सारा लान्सची हत्या घडवतो. लाझारस या जीव वाचवणाऱ्या कुंडामुळे मरणाच्या दारातून परतल्यावर रक्ताची तहान तिच्या मागे लागते. भावाने लहानपणी ठेवलेल्या स्पीडी या लाडक्या नावाने ती लाल वेशात लढते. आणि चौथ्या पर्वाच्या शेवटी ती तो वेश आपण होऊन उतरवते, पाचव्यात महापौर झालेल्या भावाच्या कचेरीचा कारभार पाहू लागते. हिंसेने आपण काय होत चाललो आहोत हे तिला दिसते आणि ती थांबते. ज्या कबुलीसाठी ऑलिव्हरला पाचवे पर्व संपत यावे लागते आणि छळ सोसावा लागतो, ती थिया त्याच्या आधी, कोणी न वदवता, स्वतःशी देते. आठ पर्वांतील सर्वांत विश्वसनीय वाढ तिचीच आहे, असे मत विद्यार्थिनीने नंतर वाचनालयाच्या हस्तलिखित वार्षिकासाठी लिहिलेल्या लेखात मांडले, आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

वेगळे काय करता आले असते

भाषणाची कसोटी योग्य होती. ती एकाच व्यक्तिरेखेला लावली गेली, ही तिची मर्यादा. ऑलिव्हर आणि थिया या भावंडांना समोरासमोर ठेवून, तिसऱ्या पर्वापर्यंतच कथा घेतली असती, तर वीस मिनिटांत दोन माणसांची वाढ दाखवता आली असती आणि एफबीआय, रास अल घूल, डार्क ही श्रोत्यांना अपरिचित नावे गाळता आली असती. सहाव्या पर्वातील कबुली मात्र त्यामुळे हातची गेली असती. दोन्हींत मी आज भावंडांची मांडणी निवडेन, कारण घरातल्या गुपिताची गोष्ट कोणत्याही श्रोत्यापर्यंत विनासायास पोहोचते.

लॉरेल लान्सचा विचार कोणीही पुढे आणला नाही, ही उणीव अधिक गंभीर आहे. वकील लॉरेल बहीण साराच्या मृत्यूनंतर ब्लॅक कॅनरी होते आणि चौथ्या पर्वात डार्कच्या हातून मरते. पुढे दुसऱ्या पृथ्वीवरची तिच्यासारखीच दिसणारी लॉरेल खलनायिका म्हणून येते आणि हळूहळू सन्मार्गाला लागते. एकच चेहरा, दोन वेगळी आयुष्ये, आणि दोघींच्या वाढीची दिशा वेगळी. विकास म्हणजे काय हे दाखवायला मालिकेने स्वतःहून रचून ठेवलेला हा प्रयोग आहे. गटातील ज्यांनी मालिका पाहिली होती त्यांनाही तो सुचला नाही, कारण चर्चा प्रारंभापासून मुख्य नायकाभोवतीच फिरत राहिली.

तयारीच्या पद्धतीतही एक बदल उपयोगी ठरला असता. मालिका न पाहिलेल्या व्यक्तीचा प्रश्न निर्णायक ठरला आणि संमेलनातही ती न पाहिलेल्या एका बाईनेच मर्म ओळखले, हा योगायोग नव्हे. चाहत्याला सर्व काही ठाऊक असल्यामुळे त्याला नायकाच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय जडलेली असते. नव्याने ऐकणारा मात्र कथेत ज्याच्यावर अन्याय झाला त्याची चौकशी आधी करतो. पुढच्या वेळी मसुदा गटापुढे येण्याआधीच महिला मंडळातील दोघी-तिघींना कथा तोंडी ऐकवावी आणि त्या काय विचारतात ते टिपून घ्यावे, असे आम्ही ठरवले आहे. विद्यार्थिनी सध्या दोन्ही लॉरेलच्या नोंदी वेगळ्या पानांवर उतरवते आहे.